८० किलोमीटरचा वळसा: हवाई हद्दीचं शुल्क वाचवणाऱ्या एका उड्डाणाचा पूर्ण हिशोब

प्रकरण असं आहे. युरोपात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारं रोजचं एक उड्डाण, अंतर १,८०० किलोमीटर. विमान एअरबस ए३२०, प्रमाणपत्रावरचं कमाल उड्डाण-वजन ७८ टन. सरळ मार्ग मधल्या टप्प्यात एका महागड्या देशाच्या हवाई हद्दीतून जातो. शेजारच्या स्वस्त देशावरून वळसा घातला तर ८० किलोमीटर जास्त उडावं लागतं. फ्लाइट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर रोज वळशाचा मार्ग पुढे करतं आणि शेजारी आकडा दाखवतं: फायदा १४३ युरो. हा आकडा खरा किती, हे इथे तपासायचं आहे.

विमान आणि मार्ग नमुन्यादाखल घेतले आहेत, दरही गोल आहेत. महाग हद्दीचा एकक दर (शुल्काच्या एका एककाचा भाव) १०० युरो, स्वस्त हद्दीचा ४५ युरो. खरे दर दरवर्षी नव्याने ठरतात आणि युरो न वापरणाऱ्या देशांचे दर विनिमय दरानुसार महिन्याला हलतात. पण एवढी तफावत मुळीच अवास्तव नाही. स्वित्झर्लंड किंवा बेल्जियम-लक्झेंबर्ग यांचे दर आणि आयर्लंडचा दर शेजारी ठेवून पाहिले की ती दिसते.

बिल कसं तयार होतं

शिकागो कराराच्या (१९४४) १५व्या कलमानुसार कोणताही देश केवळ 'आमच्यावरून उडू दिलं' म्हणून पैसे घेऊ शकत नाही. पैसे घ्यायचे ते सेवेचे: रडार, रेडिओ, नियंत्रक, हवामान माहिती. युरोपात ही वसुली युरोकंट्रोल या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या बहुराष्ट्रीय संस्थेचं केंद्रीय कार्यालय करतं आणि विमान कंपनीला सगळ्या देशांचं मिळून महिन्याला एकच बिल पाठवतं. यामागचा बहुपक्षीय करार १९८१ मध्ये झाला आणि १९८६ पासून लागू आहे.

प्रत्येक देशाच्या हद्दीसाठी तीन आकड्यांचा गुणाकार होतो.

पहिला अंतराचा: हद्दीत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या बिंदूंमधलं ग्रेट सर्कल अंतर (पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर), किलोमीटरमध्ये, भागिले १००. हद्दीच्या आत विमान वाकडंतिकडं गेलं तरी शुल्क वाढत नाही. इंधन अर्थातच जळतं. उड्डाण किंवा उतरणं त्याच हद्दीत असेल तर प्रत्येकी २० किलोमीटर वजा होतात.

दुसरा वजनाचा: कमाल उड्डाण-वजन भागिले ५० आणि त्याचं वर्गमूळ. ७८ टनांसाठी १.२५. त्या दिवशी विमानात माणसं किती आणि माल किती याचा इथे काही संबंध नाही, कागदावरचं वजन धरतात. म्हणूनच छोट्या पल्ल्यावर विमान वापरणाऱ्या कंपन्या प्रमाणपत्रावरचं वजनच उतरवून घेतात. ७८ चं ७३.५ टन केलं की हा आकडा १.२१ वर येतो. एक किलोमीटरही जास्त न उडता तीन टक्के शुल्क वाचतं. वळशापेक्षा ही बचत कितीतरी निर्धोक आहे.

तिसरा एकक दर. देशाचा अंदाजित खर्च भागिले अंदाजित सेवा-एककं (सगळ्या उड्डाणांच्या वरच्या दोन आकड्यांच्या गुणाकारांची बेरीज), असा तो निघतो. छोटी हद्द, दाटीची आणि गुंतागुंतीची वाहतूक, वर पगार जास्त, की दर चढतो. वरून नुसतीच जाणारी भरपूर विमानं आणि सुटसुटीत प्रवाह असेल तर उतरतो. महाग देश लूट करतो असं नव्हे, त्याचा भागाकारच तसा येतो.

वाचतं किती

दोन्ही टोकांचे मिळून १,१८० किलोमीटर दोन्ही मार्गांना समान आहेत, ते सोडून देऊ. उरला मधला टप्पा.

सरळ मार्ग: महाग हद्दीत ६२० किलोमीटर. ६.२० × १.२५ × १०० = ७७५ युरो.

वळसा: महाग हद्दीचा एक कोपरा तरीही लागतोच, ९० किलोमीटर, म्हणजे ११२.५ युरो. स्वस्त हद्दीत ६१० किलोमीटर, म्हणजे ६.१० × १.२५ × ४५ = ३४३ युरो. एकूण सुमारे ४५६.

शुल्कातली बचत ३१९ युरो. इथपर्यंत वाद नाही.

खर्ची किती

८० किलोमीटर ताशी ८३० किलोमीटर वेगाने म्हणजे ५.८ मिनिटं. क्रूझमध्ये, म्हणजे वर स्थिर उंचीवर उडताना, हे विमान तासाला साधारण २,४०० किलो इंधन पितं, म्हणून २३१ किलो. हे जास्तीचं इंधन सुरुवातीपासून वाहून न्यायलाही थोडं इंधन लागतं. ते धरून २३५ किलो. टनाला ७५० युरो भाव धरला तर १७६ युरो. ३१९ मधून १७६ गेले, उरले १४३. सॉफ्टवेअरचा आकडा इथून आला.

आता जे त्याने धरलं नाही ते.

कार्बन. एक किलो जेट इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. २३५ किलोंचा ७४३ किलो. युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आत उडणाऱ्या विमानांना उत्सर्जनाचे परवाने जमा करावे लागतात. पूर्वी त्यातला मोठा हिस्सा फुकट मिळे. २०२४ मध्ये फुकट वाटप २५ टक्क्यांनी घटलं, २०२५ मध्ये ५० टक्क्यांनी, आणि २०२६ पासून ते बंद. टनाला ७० युरो धरले तर ५२ युरो. बऱ्याच कंपन्यांत हा खर्च वर्षअखेरीस वित्त विभागाच्या खात्यात पडतो, मार्ग निवडणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचतच नाही.

वेळ. इंजिनांची आणि सांगाड्याची देखभाल उड्डाण-तासांवर चालते, कर्मचाऱ्यांचा भत्ताही पुष्कळदा तासांवर असतो. मिनिटाला १२ युरो धरू. ५.८ मिनिटांचे ७० युरो. यावर मतभेद आहेत. वेळापत्रकात आधीच सैल मिनिटं असतील आणि पगार ठरलेल्या वेळेवर असेल तर कर्मचाऱ्यांचा भाग शून्य धरता येतो. देखभालीचा मात्र धरता येत नाही. वेळ पूर्ण शून्य धरणं म्हणजे इंजिनाची झीज दुसऱ्या कुणाच्या बजेटमध्ये ढकलणं.

१७६ + ५२ + ७० = २९८. बचत ३१९. हातात राहिले २१ युरो.

वर्षभर रोज हे केलं तर साधारण ७,७०० युरो सुटतील, आणि त्यासाठी सुमारे ८६ टन इंधन जास्तीचं जळेल, २७१ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल. तोटा नाही, हे खरं. पण १४३ च्या जोरावर घेतलेला निर्णय २१ वर उभा आहे.

सोळा टक्क्यांची मर्यादा

दरवेळी एवढी आकडेमोड करायची गरज नाही, एका गुणोत्तरात सगळं बसतं. महाग हद्दीतला एक किलोमीटर स्वस्त हद्दीत हलवला की १.२५ × ५५ ÷ १०० = ०.६९ युरो वाचतात. जास्तीचा प्रत्येक किलोमीटर मात्र इंधन, कार्बन आणि वेळेपोटी ३.७३ युरो खातो, शिवाय स्वस्त हद्दीचं त्याचं स्वतःचं शुल्क ०.५६. एकूण ४.२९. म्हणजे हलवलेल्या अंतराच्या १६ टक्क्यांपर्यंतच वळसा परवडतो.

इथे हलवलेलं अंतर ५३० किलोमीटर. त्याचे १६ टक्के म्हणजे ८५. आपला वळसा ८० चा. पाच किलोमीटरांची जागा उरली आहे, आणि एवढं अंतर विमानतळाजवळ धावपट्टी बदलली तरी इकडचं तिकडे होतं.

इंधन टनाला १,००० युरो झालं तर याच वळशात ३८ युरो तोटा. ५५० झालं तर ६८ युरो फायदा. इंधन स्वस्त झालं की विमानं लांबून का उडू लागतात, त्याचं उत्तर यातच आहे. दर तेच, हद्दी त्याच, फक्त हे प्रमाण सैल होतं.

मोठ्या विमानांना हा खेळ कमी परवडतो. शुल्क वजनाच्या वर्गमुळाने वाढतं, इंधन मात्र त्याहून वेगाने. साडेतीनशे टनांच्या बोईंग ७७७-३००ईआरचा वजनाचा आकडा २.६५ येतो, ए३२० च्या सव्वादोन पटीहूनही कमी. किलोमीटरमागे इंधन मात्र तिप्पट. म्हणून असे वळसे मुख्यतः आसनांमध्ये एकच वाट असलेल्या छोट्या विमानांचे, युरोपच्या अंतर्गत मार्गांवरचे असतात.

वारा आणि उंची

वरचा सगळा हिशोब वारा नसताना. आता वळशाच्या ७०० किलोमीटरवर सरळ मार्गापेक्षा २० नॉट (ताशी ३७ किलोमीटर) जास्त समोरचा वारा आहे असं समजा. टप्प्याला २.४ मिनिटं जास्त लागतात, ९४ किलो इंधन जास्त जातं, आणि सगळं मिळून १२० युरो. २१ चा फायदा ९९ च्या तोट्यात गेला. उलट, वारा तेवढाच मागून असेल तर फायदा १३० च्या आसपास पोचतो. जेट प्रवाहाच्या कडेला शंभर-दीडशे किलोमीटरवर वाऱ्यात एवढा फरक पडणं नवलाचं नाही. त्यामुळे 'हा मार्ग आपला नेहमीचा' म्हणून वळसा पक्का करून ठेवणं हीच मुळात चूक. तो रोज, ताज्या वाऱ्यावर ठरायला हवा.

उंचीकडे त्याहून कमी लक्ष जातं. युरोपात कोणत्या मार्गावर, कोणत्या वेळी, किती उंचीपर्यंत उडता येईल याचे निर्बंध मार्ग-उपलब्धतेच्या दस्तऐवजात असतात. डिस्पॅचर, म्हणजे कंपनीत उड्डाणाची आखणी करणारे, त्याला सरसकट 'रॅड' म्हणतात. वळशाच्या मार्गावर उंचीची मर्यादा असेल आणि विमानाला हव्या त्या पातळीच्या खाली उडावं लागलं, त्यापायी त्या टप्प्यात इंधन तीन टक्के जरी वाढलं, तरी ६१ किलो गेले. कार्बनसह ५९ युरो. फायदा तिथेच संपला. कागदावर मार्ग जुळला की उंचीचा रकाना तपासायचा राहून जातो.

२०२० च्या आधी आणि नंतर

वळशाचा मोह पूर्वी जास्त होता आणि त्याचं कारण बिलाच्या नियमात होतं. २०१९ अखेरपर्यंत अंतर मोजलं जायचं ते शेवटच्या दाखल फ्लाइट प्लॅनवरून. कागदावर स्वस्त हद्दीचा लांब मार्ग टाकायचा, वर गेल्यावर नियंत्रकाकडे 'डायरेक्ट', म्हणजे पुढच्या बिंदूकडे सरळ जायची परवानगी, मागायचं, तो मिळाला की महाग हद्दीतून सरळ जायचं आणि बिल भरायचं स्वस्त मार्गाचं. शुल्कही वाचलं, इंधनही वाचलं. प्रत्येक जण हे करत होता असं नाही, पण नियम तसं करायला वाव देत होता.

यात नुकसान नियंत्रण कक्षाचं व्हायचं. कोणत्या सेक्टरमध्ये (नियंत्रकांना वाटून दिलेल्या आकाशाच्या तुकड्यात) कोणत्या तासाला किती विमानं येणार याचा अंदाज दाखल प्लॅनवर बेतलेला असतो. प्लॅनमध्ये एक हद्द आणि प्रत्यक्षात दुसरी, असं झालं की एका सेक्टरवर नियंत्रक मोकळे बसतात आणि दुसऱ्यावर अचानक गर्दी येते. ती टाळायला मग क्षमतेचे आकडे आधीच राखून धरले जातात, म्हणजे सगळ्यांनाच कमी जागा मिळते.

१ जानेवारी २०२० पासून शुल्क प्रत्यक्ष उडालेल्या मार्गावर लागतं. हद्दीत शिरण्याचे आणि बाहेर पडण्याचे बिंदू आता नोंदवलेल्या उड्डाणावरून घेतले जातात.

आपल्या प्रकरणात याचा परिणाम असा. वळशाचा प्लॅन दाखल आहे आणि नियंत्रकाने सुरुवातीलाच महाग हद्दीतून पूर्ण सरळ जायला सांगितलं, तर ३१९ युरो शुल्क वाढतं आणि २९८ चा खर्च वाचतो. फरक किरकोळ, आणि विमान उशिरात असेल तर उलट फायदाच. अडचण अर्धवट शॉर्टकटची आहे. समजा दिलेल्या डायरेक्टमुळे २०० किलोमीटर स्वस्तमधून महागमध्ये सरकले आणि अंतर फक्त १५ किलोमीटरने कमी झालं. शुल्क १३८ युरोंनी वाढलं, १५ किलोमीटरचे ६४ वाचले. ७४ युरो गेले. सोळा टक्क्यांचं तेच गुणोत्तर इथे उलटं लागतं: २०० किलोमीटर महाग हद्द स्वीकारायची तर किमान ३२ किलोमीटर वाचले पाहिजेत.

कॉकपिटमध्ये बसून हे कुणी करणार नाही, करूही नये. नियंत्रक डायरेक्ट देतो तो पुष्कळदा दुसऱ्या विमानापासून अंतर राखण्यासाठी. शुल्कासाठी तो नाकारणं शहाणपणाचं नाही. पण डिस्पॅचने फ्लाइट प्लॅनवर एक ओळ टाकली, की अमुक बिंदूच्या आधी महाग हद्दीतला डायरेक्ट स्वतःहून मागू नये, तर बरंच साधतं.

स्लॉट

स्वस्त हद्द स्वस्त असल्यामुळे तिकडे सगळेच वळतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी तिचे सेक्टर भरतात आणि प्रवाह-नियमन लागू होतं. विमानाला ठरलेली उड्डाणवेळ, म्हणजे स्लॉट, मिळते, आणि त्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंतच्या खिडकीत उडावं लागतं. २५ मिनिटांचा स्लॉट-विलंब आला तर २१ युरोंचा विषय तिथेच मिटतो. त्या दिवशीच्या पुढच्या फेऱ्या, कर्मचाऱ्यांची ड्यूटीची मर्यादा आणि जोडउड्डाणं चुकणारे प्रवासी यांपुढे तो नगण्य आहे.

अशा वेळी डिस्पॅचरने जुना प्लॅन रद्द करून महाग हद्दीतून नवा दाखल करायचा असतो. प्लॅन साधारणपणे निघण्याच्या किमान तीन तास आधी दाखल व्हावा लागतो, पण मार्ग बदलून पुन्हा दाखल करणं नंतरही शक्य असतं. चूक होते ती दोन ठिकाणी. एक, नव्या मार्गाचाही स्लॉट आधी तपासला जात नाही आणि आगीतून फुफाट्यात पडतो. दोन, इंधन आधीच्या प्लॅनचं भरलेलं असतं. या प्रकरणात नवा मार्ग छोटा असल्याने इंधन पुरतं. उलट दिशेने, म्हणजे सरळ मार्गाचं इंधन भरून ऐनवेळी वळशावर गेलं, तर पुन्हा टँकर बोलवावा लागतो.

माहितीतल्या चुका

एकक दरांचा तक्ता सॉफ्टवेअरमध्ये जुना राहणं ही सर्वांत सामान्य चूक. नवे दर जानेवारीत लागतात. त्या आठवड्यात तक्ता बदलला नाही तर सॉफ्टवेअर मागच्या वर्षीच्या स्वस्त देशाकडे विमानं पाठवत राहतं, आणि ते कळतं पुढचं बिल आल्यावर.

दुसरी चूक हद्दीची. नियंत्रण कुणाचं आणि शुल्क कुणाचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीवर २४,५०० फुटांच्या वर मास्ट्रिख्टचं नियंत्रण केंद्र विमानं सांभाळतं, पण शुल्क लागतं खाली जो देश आहे त्याच्या दराने. नियंत्रकाशी बोलायची फ्रिक्वेन्सी बदलली नाही म्हणून दर बदलला नाही असं गृहीत धरणारा मार्ग-विश्लेषक चुकतो.

तिसरी चूक निष्कर्षाची. नकाशावर वाकडा मार्ग दिसला की तो शुल्कासाठीच, असं नाही. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे आणि त्यानंतर पूर्व युरोपातले प्रवाह दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकले. लष्करी सराव, वादळं, नियंत्रकांचे संप यांमुळेही वळसे पडतात. शुल्काचा वळसा ओळखायचा तर त्याच दिवशीचा किमान-इंधन मार्ग काढून त्याच्याशी तुलना करावी लागते, ग्रेट सर्कलशी नव्हे.

दर का वाढत जातात

वळसा घेणाऱ्यांना एक गोष्ट दोन वर्षांनी भेटते. महाग हद्दीचा खर्च बहुतांश स्थिर असतो, विमानं कमी आली म्हणून रडार कमी होत नाहीत. युरोपीय संघाच्या शुल्क-नियमात वाहतुकीच्या चढउताराची जोखीम वाटलेली आहे. अंदाजापेक्षा दोन टक्क्यांपर्यंत कमी वाहतूक झाली तर तूट सेवा देणाऱ्याने सोसायची. दोन ते दहा टक्क्यांमधल्या तुटीचे ७० टक्के पुढच्या दरांतून विमान कंपन्यांकडून वसूल होतात. दहाच्या पुढची सगळी तूट कंपन्यांवर. वाहतूक सहा टक्क्यांनी घटली तर चार टक्क्यांचे ७० टक्के, म्हणजे महसुलाचे २.८ टक्के नंतर दरात चढतात. दर चढला की सोळा टक्क्यांची मर्यादा सतरा होते आणि आणखी काही उड्डाणांना वळसा परवडू लागतो. ज्यांचं विमानतळच त्या महाग हद्दीत आहे, त्यांना मात्र पळायला जागा नसते. वळशाचं बिल शेवटी तेच भरतात.

यावरचा उघड उपाय म्हणजे शेजारच्या देशांनी मिळून एकच दर लावणं. कायद्यात त्याला मुभा आहे, बेल्जियम आणि लक्झेंबर्गची एकत्र शुल्क-हद्द हे त्याचं चालू उदाहरण. पण मोठ्या गटात ते अडतं, कारण स्वस्त देशावरून जाणाऱ्यांचं शुल्क वाढतं, त्याची वाहतूक घटते, आणि जमा झालेले पैसे वाटायचे कसे यावर प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

या उड्डाणाचं काय करायचं

दोन्ही मार्ग कंपनीच्या मार्गसंग्रहात ठेवायचे, एकही पक्का करायचा नाही. सॉफ्टवेअरमध्ये चार आकडे भरायचे: त्या विमानतळावरचा इंधनाचा प्रत्यक्ष भाव (विमानात भरण्याच्या शुल्कासह), कार्बन परवान्याचा चालू भाव, मिनिटाचा खर्च, आणि चालू वर्षाचे एकक दर. त्यावर किमान फरकाची अट: वळशाने ५० युरोंहून जास्त वाचत असतील तरच तो घ्यायचा. वाऱ्याचा अंदाज आणि मिळणारे डायरेक्ट यांतली अनिश्चितता एवढ्या रकमेची सहज असते.

या अटीवर हे उड्डाण वारा नसलेल्या दिवशी सरळ मार्गाने जाईल. वळशावर मागून वारा असेल त्या दिवशी ते वळसा घेईल, स्लॉट लागला की परत सरळ मार्गाने. महिन्याचं बिल आलं की डिस्पॅचने निवडलेल्या मार्गाचं शुल्क आणि आकारलेलं शुल्क उड्डाणागणिक शेजारी लावायचं. दोन्हींत सातत्याने एकाच दिशेने फरक पडत असेल तर आधी दरांचा तक्ता पाहायचा, मग डायरेक्ट कुठे मिळतायत ते.